पाखरीला टांग्याला कधी जुंपू?

(पत्र बरंच लांब होतं, नाव-गाव काढून थोडक्यात देतेय.)

खेड तालुक्यातला वाचक, वय २९, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम. आजोबा पुण्यात स्टेशन ते कॅम्प टांगा चालवायचे, तो टांगा अजून गावच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभा आहे. गेल्या वर्षी यानं अकलूजच्या घोडेबाजारातून एक तट्टाचं (लहान चणीच्या घोड्याचं) शिंगरू आणलं, मादी आहे, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), नाव पाखरी, आत्ता दीड वर्षाची. येत्या वैशाखात बहिणीचं लग्न आहे आणि नवरा-नवरीनं आजोबांच्या टांग्यातून, पाखरीला जुंपून, मांडवात यावं अशी याची फार इच्छा. मामांचा बैलगाडा आहे, ते म्हणतात आत्ताच छकड्याला (हलक्या बैलगाडीला) लाव, शेजारी बैल जुंप, दोन दिवसात सरळ होईल, उशीर केलास तर माजेल. बायको म्हणते लेकरू आहे ते, दोन वर्षं हात लावू नको. मध्ये एकदा यानं आजोबांच्या वेळचं खोगीर आणि पट्टे पाखरीच्या पाठीवर चढवून बघितले, तर ती "पुतळ्यासारखी उभी राहिली, कानसुद्धा हलवला नाही", म्हणून याला वाटतं की ती तयार आहे. प्रश्न असा की मामांचं ऐकू की बायकोचं, आणि सुरुवात कुठून करू.

भाऊ, आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. वैशाखातल्या लग्नाला पाखरीला जुंपू नकोस. पण बायको म्हणते तसं दोन वर्षं नुसती बांधूनही ठेवू नकोस. मामा, बायको आणि तू, तिघंही शिकवणं म्हणजे जुंपणं असं धरून चालला आहात आणि सगळा वाद तिथूनच सुरू झालाय. जुंपणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याच्या आधीचं निदान दीड-दोन वर्षांचं काम शिल्लक आहे, त्याला टांगा लागत नाही की वजन लागत नाही, आणि ते उद्या सकाळपासून सुरू करता येतं.

आता त्या पुतळ्याबद्दल, कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट तीच आहे. घोडं घाबरलं की उधळतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोवळं घोडं घाबरलं आणि पळायला वाट दिसली नाही की ते थिजतं, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. परत एकदा काहीतरी हलकं, साधं पोतं म्हण, तिच्या पाठीवर ठेवून बघ आणि या वेळी पाठीकडे नाही तर तोंडाकडे बघ. नाकपुड्या ताणल्यात का, खालचा ओठ आणि हनुवटी घट्ट आवळलीय का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का, शेपूट पुठ्ठ्यात दाबून धरलीय का, आणि श्वास चालू आहे का. बरगड्या हलत नसतील तर तिनं श्वास रोखून धरलाय. निवांत घोडं असं नसतं. त्याचा एक कान तुझ्याकडे आणि एक कान रस्त्याकडे फिरत असतो, मागचा एक पाय ढिला सोडलेला असतो, मध्येच चघळल्यासारखं तोंड हलवतं, फुरफुरतं. कानसुद्धा हलवला नाही असं तू कौतुकानं लिहिलंस, मला त्याचीच काळजी वाटली. अशा थिजलेल्या जनावराला जुंपलं की पहिली शंभर पावलं सगळं छान चालतं, आणि मग चाकाखाली एक दगड कडकन वाजतो, आणि आत कोंडलेलं सगळं एका क्षणात बाहेर पडतं, मागे टांगा आणि टांग्यात माणसं असताना.

वयाचं म्हणशील तर व्यापाऱ्यानं सांगितलेलं वय सोडून दे, तोंड उघडून बघ. घोड्याचे पुढचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीन वर्षांनी, कोपऱ्यातले साडेचारला, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. पाखरीचे पुढचे सगळे दात बारीक, पांढरेशुभ्र, दुधाचे असतील तर ती अडीचच्या आतलीच आहे. हाडांचं गणित याहून लांबचं. पायाच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा जो थर असतो, ज्यातून हाड वाढतं, तो खालून वर पक्का होत जातो, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरचा भाग दोन-अडीच वर्षांपर्यंत कच्चा असतो आणि पाठीचे मणके तर पाच वर्षांच्या आसपास जाऊन पक्के होतात. तट्टू लहान असतं म्हणून लवकर पिकतं असं पुष्कळ लोक धरून चालतात, तसं काही नाही, उंची कमी असली तरी हाडं वेळ तेवढाच घेतात. म्हणून हलकी गाडी तीन वर्षांनंतर, तीही थोडा थोडा वेळ, आणि माणसं बसवून रस्त्यावरचं काम चार पूर्ण झाल्यावर. मी यात सूट देत नाही, कारण या वयात गुडघा किंवा पाठ गेली तर ती आयुष्यभरासाठी जाते, आणि घोडं पंचवीस-तीस वर्षं जगू शकतं.

मामांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, ते मान्य करून टाक. लहानपणी हाताळलं नाही तर पुढे जड जातं, अगदी खरं. चार वर्षं मोकळं सोडलेल्या दांडग्या जनावराला पहिल्यांदा म्होरकी (तोंडाभोवतीचा दोर) घालायला गेलं की ते काय करतं हे त्यांनी बघितलेलं असणार. चुकतंय ते पुढे, छकडा आणि बैल. बैल जू रेटतो मानेनं आणि वशिंडानं, घोडं ओढतं छातीनं आणि खांद्यानं, दोघांची चाल वेगळी, उंची वेगळी, दचकल्यावर काय करतात तेही वेगळं. मुरलेल्या शांत घोड्याबरोबर नवं घोडं चालवायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण ते घोड्याबरोबर, आणि तेही नव्यानं साज अंगावर घ्यायला शिकल्यानंतर. एका बाजूला बैल आणि एका बाजूला घोडं असा छकडा काही ठिकाणी पळवतात हे मला माहीत आहे. त्या वाटेला पाखरीला नेऊ नकोस. शर्यतीची परवानगी २०२३ साली सुप्रीम कोर्टानं कायम केली ती बैलांच्या शर्यतीची, घोड्यांसाठी नाही, आणि दीड वर्षाच्या शिंगराला बैलाच्या वेगानं ओढत नेणं हे कायदा बाजूला ठेवला तरी करण्यासारखं काम नाही. दोन दिवसात सरळ होईल हेही खोटं नाही म्हणा, होतात तशी. दमून, मार खाऊन गप्प होतात, आणि मग वर्षभरानं कोणीतरी "अचानक काय झालं कळलंच नाही" असं सांगत दवाखान्यात पडलेलं असतं.

आता उद्यापासून काय करायचं.

पहिल्यांदा तिला उभं राहायला शिकव. लोक चालायला शिकवतात आणि उभं राहणं गृहीत धरतात, पण टांग्याच्या घोड्याचं निम्मं काम उभं राहण्याचंच असतं, माणसं चढताना, पट्टे लावताना, सिग्नलला, फाटकापाशी. म्होरकी घाल, दोर हातात धर, तोंडानं एकच शब्द, "हो" म्हण किंवा "थांब" म्हण, जो घेशील तो घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, आणि ती दोन सेकंद थांबली की लगेच दोर ढिला सोड. दोर ढिला होणं हेच बक्षीस, गूळ वगैरे रोज नको, हात चावायची सवय लागते. दोनाचे पाच, पाचाचे दहा सेकंद. तुझी शिफ्ट आहे, वेळ नाही म्हणतोस, पण या वयाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त तिचं लक्षच राहत नाही. रोज नाही जमलं तर आठवड्यातून चार दिवस कर, फक्त रविवारी दोन तास असं नको.

त्याबरोबरच रोज खरारा (अंग घासून साफ करणं), चारही पाय उचलून टापा साफ करणं, कान, तोंड, शेपटीखाली, मांड्यांच्या आतून सगळीकडे हात फिरवणं. नालबंदाला दीड-दोन महिन्यांनी बोलाव, नाल ठोकायला नाही, टापा तासून सारख्या करायला. नाल लागेल पुढे डांबरी रस्त्यावर काम सुरू झाल्यावर. मग फिरायला ने. पायी, तू शेजारी, ती शेजारी. ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, शाळा सुटलेली पोरं, ताडपत्री फडफडणारी, ओढ्यातलं पाणी, सिमेंटचा रस्ता आणि त्यावरचा पांढरा पट्टा, सगळं तिला लांबून बघू दे, मग जवळून. तू पत्रात लिहिलंस की माउलींच्या रिंगणातले अश्व एवढ्या लाखांच्या गर्दीत कसे शांत असतात, मग माझी का नाही राहणार. राहील, पण ते अश्व जाणती जनावरं आहेत आणि जाणत्या हातात असतात. पाखरीनं अजून आळंदीचा साधा आठवडी बाजार बघितलेला नाही.

दुसरा टप्पा तिला मागून चालवण्याचा, तो दोन वर्षांच्या पुढे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोर अगदी जवळचं आणि बरोबर पाठीमागचं सोडून. आणि टांगा नेमका त्या न दिसणाऱ्या जागेत असतो, वर आवाज करतो, आणि ती पळाली की तोही मागे पळतो. म्हणजे जगातल्या कुठल्याही घोड्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटणार ती गोष्ट आपण त्याला बांधतो. म्हणून मागचं सगळं हळूहळू. पुढच्या पायांच्या मागे, पाठ-पोटाभोवती साधा तंग (पट्टा) आवळायचा, त्याच्या दोन बाजूंच्या कड्यांतून दोन लांब दोऱ्या घ्यायच्या, म्होरकीला जोडायच्या, आणि आपण मागे, थोडं एका बाजूला, लाथेच्या टप्प्याबाहेर राहून तिला पुढे चालवायचं. डावीकडे, उजवीकडे, थांब, परत चल. तोंडात लगाम इतक्यात नको, कारण अडीच ते साडेचार वर्षांत दात बदलत असतात, हिरड्या ठणकत असतात, आणि दाढांच्या पुढे कधी कधी एक छोटा जास्तीचा दात असतो तो लोखंडाला आपटतो, घोडं मान झटकतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. लगाम घालायच्या आधी डॉक्टरांकडून तोंड तपासून घे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुला लांब पडेल, पण गावच्या डॉक्टरांना घोड्याच्या दातांची सवय नसेल तर एकदा तिथे विचारावं.

या टप्प्यात एक गोष्ट मुद्दाम सांगते, शेपटीची. टांग्याच्या साजात दुमची असते, शेपटीखालून जाणारी, आणि कधी ना कधी लगामाची दोरीही शेपटीखाली जाणारच. घोड्याच्या शेपटीखाली काही गेलं की ते शेपूट दाबून धरतं, ती उपजत गोष्ट आहे, आणि जेवढी दोरी ओढशील तेवढी ते जास्त दाबतं, घाबरतं आणि पुठ्ठे उडवायला लागतं. टांगे उधळण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. म्हणून आत्तापासून रोज खरारा करताना शेपूट मुळाशी धरून हलकेच वर उचल, डावी-उजवी फिरव, खालून मऊ कापड फिरव, मग मऊ दोरी. पहिले काही दिवस ती लाकडासारखी घट्ट दाबेल. ओढू नकोस, हात तिथेच ठेव, बोलत राहा. एक दिवस शेपूट हातात ढिली पडते, जड लागते, ते कळतं. ती ढिली पडल्याशिवाय दुमची नाही, हे पक्कं धर.

मग ओझ्याची आणि आवाजाची सवय. जुनं टायर घे, स्कूटरचं पुरे. ते आधी माणसानं ओढायचं, तिच्या पुढून, आणि तिनं मागून चालायचं, म्हणजे ती वस्तू तिच्यापासून पळतेय असं तिला दिसतं. मग बाजूनं, दोन्ही बाजूंनी. मग मागून, पण अजून माणसाच्याच हातात, ती दचकली की सोडून देता आलं पाहिजे. सगळ्यात शेवटी तिच्या छातीच्या पट्ट्याला, तेही एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं. त्यानंतर दोन हलके बांबू तंगाच्या दोन बाजूंना, दांडे म्हणून. यात लोक घाई करतात. दांड्यात घोड्याला अंग वाकवून वळता येत नाही, दांडा मांडीला घासतो, तिला पाय आडवे टाकून वळायला शिकावं लागतं, आणि हे टांगा लावून शिकवलं तर ती पहिल्याच वळणाला अडकल्यासारखी होऊन मागे रेटते. बांबूवर शिकू दे.

गाडी लावायचा पहिला दिवस येईल तेव्हा ती तीन पूर्ण झालेली असेल. माणसं कमीत कमी दोन, तिसरा असला तर बरं. सपाट, मऊ जमिनीचं वावर, चारही बाजू बंद. एक जण तोंडापाशी दोर धरून, तो दोर म्होरकीला, लगामाच्या लोखंडाला कधीच नाही. त्या दिवशी गाडीत कोणीही बसायचं नाही. जुंपताना आधी लगामाच्या दोऱ्या चालवणाऱ्याच्या हातात, मग ओढायचे पट्टे, मग पुठ्ठ्यामागचा पट्टा, सोडताना बरोबर उलट, आणि दोऱ्या हातातून शेवटी सुटायच्या. जुंपलेल्या घोड्याच्या तोंडातून लगाम काढायचा नाही, पाणी पाजायलासुद्धा नाही, आणि जुंपलेलं घोडं झाडाला बांधून चहाला जायचं नाही, हे दोन नियम मोडून झालेले अपघात जुना कुठलाही टांगेवाला तुला सांगेल. दहा मिनिटं चालली, थांबली, उभी राहिली, की सोडून द्यायचं. अजून थोडं करून बघू असं वाटेल तेव्हाच थांबायचं.

झापडांबद्दल विचारलंस. मी म्हणते आधी सगळं उघड्या डोळ्यांनी शिकू दे, टायर, बांबू, रिकामी गाडी. मग गर्दीच्या रस्त्यासाठी झापडं लाव हवं तर. झापडं लावून भीती जात नाही, दिसत नाही एवढंच, आणि एखाद्या दिवशी झापड सरकलं की मग कळतं.

आजोबांच्या टांग्याचं मला मनापासून कौतुक आहे, तो टिकव. पण पाखरीसाठी तो नाही. तो मोठ्या, भरलेल्या घोड्यासाठी बांधलेला असणार, दांड्यांची उंची त्या मापाची. लहान तट्टाला लावला की दांडे वर जातात, वजन मागे पडतं आणि पोटाखालचा पट्टा वर खेचला जातो, उलट खाली दाबून धरले तर सगळा भार पाठीवर. दोन चाकांच्या गाडीत माणूस बसल्यावर दांडे पट्ट्यांत जवळजवळ तरंगले पाहिजेत, बोटांनी उचलता आले पाहिजेत. तिच्यासाठी लहान मापाची हलकी गाडी नंतर करून घे, बेअरिंगची आणि हवेच्या टायरची. आणि जुना साज अजिबात वापरू नकोस. तीस-चाळीस वर्षं पडलेलं चामडं वरून छान दिसतं, तेल लावलं की चमकतंही, पण बकलाच्या भोकापाशी दुमडून बघ, तडे दिसतील, आणि शिवणीचा दोरा नखानं उकरला तर पीठ होऊन येईल. एक पट्टा तुटला की टांगा तिच्या मागच्या पायांवर येतो.

बरं, खर्चाचं आणि कायद्याचं पटकन. धनुर्वाताची लस आधी, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि खिळे-तारा पडलेल्या गोठ्यात तर जास्तच. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं. बाजारातून आणलेलं जनावर आहे म्हणून ग्लँडर्स या संसर्गजन्य आजाराची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घे, तो माणसालाही होतो. पुढे कामाला लावशील तेव्हा १९६५ चे ओझ्याच्या आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांचे नियम लागू होतात, दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद. काटेरी लगामही चालत नाही. मुंबईत २०१५ साली हायकोर्टानं हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला लावल्या, तेव्हा भाड्यानं गाडी चालवायचा विचार मनात असेल तर आधी परवानग्यांची चौकशी कर, मग स्वप्नं बघ. आणि वैशाखात खेडला दुपारी किती तापतं ते तुला मी सांगायला नको.

आता ज्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस ते. तुला टांगा येतो का? आजोबांना येत होता, तू त्यांच्या मांडीवर बसून दोऱ्या धरल्यास हे वाचून छान वाटलं, पण ते चालवणं नव्हे. कोरी घोडी आणि कोरा चालवणारा ही सगळ्यात वाईट जोडी. पाखरी तीन वर्षांची होईपर्यंतचा वेळ तिच्याइतकाच तुझ्या शिकण्यासाठी आहे. पुण्यात आणि आजूबाजूला लग्नाच्या बग्ग्या ठेवणारे आहेत, जुन्या टांगेवाल्यांच्या घरातली माणसं आहेत, आजोबांच्या ओळखीतलंही कोणी निघेल. त्यांच्याकडे जा, मुरलेल्या घोड्याच्या दोऱ्या हातात धरून शीक. गुरू निवडताना तो काय बोलतो ते नंतर ऐक, आधी त्याची घोडी बघ. ओठांचे कोपरे चिरलेले नाहीत ना, पट्ट्यांखाली केस गेलेले किंवा जखमा नाहीत ना, आणि तो साज घेऊन जवळ गेला की घोडं मान वळवतं की मागे सरकतं. मागे सरकलं तर नमस्कार करून परत ये, त्याचा कितीही नावलौकिक असू दे.

लग्नाचं म्हणशील तर तीन गोष्टी करता येतात. एक, खात्रीची मुरलेली घोडी आणि चालक भाड्यानं आण, आजोबांचा टांगा सुतार-लोहाराकडून चाकं, आस, दांडे तपासून घेऊन तिला मापाला बसत असेल तर लाव, सकाळी लवकर, डीजे आणि फटाके तिच्यापासून लांब. दोन, टांगा नुसता सजवून मांडवाच्या दारात उभा कर, बहिणीला आजोबांची जागा दाखवायची आहे ना, ती तशीही दिसते. तीन, काहीच नको. मला दुसरं आवडतं, पण घर तुमचं. पाखरीला मात्र त्या दिवशी शेजारच्या वस्तीवर बांध, हळद लावून, झूल घालून मांडवात मिरवायलासुद्धा आणू नकोस. बँड, फटाके आणि दोनशे अनोळखी हात, एवढं एका दिवसात तिच्या अंगावर पडलं की तुझं सहा महिन्यांचं काम पाण्यात.

मुळशी, पानशेतकडचे फार्महाऊसवाले मला असंच विचारतात, पोरांसाठी गोंडस शिंगरू घेतलंय, गाडीला कसं लावू. त्यांनाही इथेच सांगते, घेतलं नसेल तर घेऊ नका, पहिल्यांदाच घोडं पाळताय तर दहा-बारा वर्षांचं शिकलेलं, शांत तट्टू घ्या, ते तुम्हाला शिकवेल. आणि एकटं ठेवू नका. घोडं कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की वाड्यात फेऱ्या मारत बसतं, लाकूड चावतं. भाऊ, तुझ्याकडेही पाखरी एकटीच दिसतेय, बैलांची, शेळीची सोबत काही नसण्यापेक्षा बरी, पण जमलं तर एखादी म्हातारी, निवृत्त घोडी बघ.

एक शक्यता मनात ठेव. सगळं नीट करूनही पाखरीला गाडी मानवली नाही, प्रत्येक आवाजाला घाम फुटतच राहिला, तर ती गाडीची घोडी नाही असं समजून थांबायचं. तेव्हाही ती माणसाळलेली, पाय देणारी, रस्त्यावर शेजारी चालणारी घोडी झालेली असेल, आत्ता केलेलं काही वाया जात नाही.

राहिले मामा. त्यांना नाही म्हणून बाजूला करू नकोस, जनावराची नाडी ओळखणारा माणूस आहे तो, गाडामालक असेच होत नाहीत. तोंडापाशी दोर धरून उभं राहणारा दुसरा माणूस तुला लागणारच आहे. ते काम त्यांना दे, उद्याच्या पहिल्या दहा मिनिटांपासून, आणि चाबूक गाड्यातच ठेवून या एवढं आधी बोलून घे. बायकोला शेपटीचं काम दे, पाखरी तिच्या हाताला आधी ढिली पडेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय. पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा पुढच्या दातांचा उजेडात काढलेला एक फोटो जोड, म्हणजे वयाचं नक्की करू आणि मग लगामाचं बोलू.